रीडिंग कोण घेतो? फिजिक्सची प्रयोगशाळा आणि आपला हात

मागच्या पावसाळ्यात शहाडच्या आमच्या वस्तीतला एक मुलगा संध्याकाळी घरी आला. टी.वाय.बीएस्सी., विषय फिजिक्स. वडील रेयॉन कंपनीतून निवृत्त, आई शिवणकाम करते. हातात तपकिरी कव्हर घातलेले जर्नल. प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली होती आणि त्याला कुणीतरी सांगितले होते की काकांनीही फिजिक्सच केले आहे.

जर्नल उघडले. अक्षर मोत्यासारखे, आकृत्या पट्टीने काढलेल्या, एकही खाडाखोड नाही. मी विचारले, "स्पेक्ट्रोमीटरचा लीस्ट काउंट किती?"

"एक मिनिट, काका." मुख्य पट्टीवरचा एक भाग अर्ध्या अंशाचा, व्हर्नियरचे तीस भाग, म्हणून एक मिनिट. हिशोब तोंडपाठ.

"बरं. टेलिस्कोप जागच्या जागी पक्का करायला कुठला स्क्रू आवळायचा? आणि मग केसभर सरकवायचा असेल तर कुठला फिरवायचा?"

तो गप्प. मग खाली बघत म्हणाला, "काका, मी रीडिंग लिहितो. लावायचं काम ते दुसरे दोघं करतात."

तीन वर्षे हा मुलगा प्रयोगशाळेत जात होता. हजेरी पूर्ण, जर्नलवर सही-शिक्का. आणि स्पेक्ट्रोमीटरला त्याने हात लावलेला नाही. मला धक्का बसला नाही, कारण तीस वर्षांपूर्वी याच परिसरातल्या एका महाविद्यालयात मीही रीडिंग लिहिणाराच होतो. मला हे सांगायला आजही लाज वाटते. पण ही लाज माझ्या एकट्याची आहे का, हा प्रश्न मला पडतो, आणि त्याच प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे.

आपण प्रवेशासाठी लढतो, शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो, आरक्षित जागा भरल्या का याची माहिती अधिकारात विचारणा करतो. हे सगळे हवेच. पण विज्ञानाच्या पदवीत एक भाग असा आहे जो प्रवेशाच्या यादीत नाव लागले म्हणून आपोआप मिळत नाही. तो हाताने घ्यावा लागतो. फिजिक्सचे पुस्तक घरी वाचता येते, मित्राकडून मागून आणता येते. स्पेक्ट्रोमीटर, बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटर, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप घरी आणता येत नाही. त्याला हात लावण्याची जागा एकच, प्रयोगशाळा. आणि ज्या समाजव्यवस्थेचा कणाच 'कोणी कशाला शिवायचे' या नियमावर उभा आहे, त्या व्यवस्थेत प्रयोगशाळा ही साधी खोली नसते.

इतिहास काढून बघू.

मराठी माणसाने आधुनिक उपकरणावर रीडिंग घ्यायला सुरुवात केली ती कुलाब्याच्या वेधशाळेत. वेधशाळा 1826 ची. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विज्ञान शिकवणारे प्राध्यापक ऑर्लेबार तिथले काम पाहत. त्यांच्या हाताखाली बाळशास्त्री जांभेकर तयार झाले, आणि 1840 मध्ये केरो लक्ष्मण छत्रे हा कोवळा तरुण तिथे रुजू झाला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची निरीक्षणे ठरलेल्या वेळी घ्यायची, काटा कुठे थांबला ते बघायचे, वहीत नोंदवायचे. छत्रे यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण मुंबई विद्यापीठच तेव्हा नव्हते. ते उपकरणापाशी बसून शिकले आणि पुढे गणित-विज्ञानाचे नामवंत प्राध्यापक झाले. त्यांची विद्वत्ता मी नाकारत नाही. मी एवढेच म्हणतो की त्यांना खुर्ची मिळाली, उपकरण मिळाले, चुका करायला वेळ मिळाला. (या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणे इतकी नाजूक होती की मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम अलिबागला हलवावे लागले. अलिबागची वेधशाळा 1904 ची आहे, शाळेच्या सहली आजही जातात.)

छत्रे कुलाब्याला रीडिंग घेऊ लागले त्यानंतर सोळा वर्षांनी, जून 1856 मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाच्या वतीने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज झाला. सरकारी शाळा, सरकारी पैसा. अर्ज फेटाळला गेला. कारण काय? एका मुलासाठी इतर सगळ्या जातींच्या मुलांची शाळा ओस पडेल. बाबासाहेबांनी हे प्रकरण सायमन कमिशनपुढच्या 1928 च्या निवेदनात मुद्दाम मांडले आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1857 मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे विद्यापीठाचा दरवाजा उघडला तेव्हा आपल्या मुलासाठी पहिलीच्या वर्गाचा दरवाजा बंद होता. 1882 च्या हंटर कमिशनच्या वेळचे आकडेही त्याच निवेदनात आहेत. इलाख्यातल्या महाविद्यालयांत अस्पृश्य विद्यार्थ्यांची संख्या शून्य. जोतीरावांनी त्याच कमिशनपुढे सांगितले की शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते. आपण ते वाक्य साक्षरतेच्या संदर्भात आठवतो. पण प्रयोगशाळा हा तर कॉलेजातला सगळ्यात महागडा भाग. त्या पैशाचा सगळ्यात मोठा घास तिथेच जातो.

इथे कुणी म्हणेल, विज्ञानाला जातीशी काय घेणे? हे आपण म्हणत नाही, एक थोर रसायनशास्त्रज्ञ म्हणून गेला आहे. प्रफुल्लचंद्र रे यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1902 मध्ये काढला. त्यात ते विचारतात की या देशात प्रयोगाची परंपरा असूनही ती मेली कशाने. उत्तर असे की कारागिरी खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली, विचार करणारे डोके आणि काम करणारा हात यांची फारकत झाली, आणि 'हे असे का होते' हे विचारणारा माणूस भट्टीपाशी उरला नाही. कातडे कमावणाऱ्याला चुना आणि सालीचा गुण माहीत होता, लोहाराला पोलादाला पाणी कसे द्यायचे हे माहीत होते. पण त्याला लिहायला बंदी. आणि ज्याला लिहिता येत होते त्याला चामड्याचा, भट्टीचा विटाळ.

युरोपातही हाताचे काम कमीच मानले जाई. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हीचा प्रयोगशाळा मदतनीस म्हणून लागला. युरोपच्या प्रवासात डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखे वागवले. पण त्याच्या हाताने विटाळ होत नव्हता, आणि वीस वर्षांच्या आत त्याच हातांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन जगाला दाखवले. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करायचा ही पद्धतही तिकडे फार जुनी नाही. ग्लासगोला विल्यम थॉमसनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती सुरू केली, केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा 1874 ला उघडली. म्हणजे आपल्याकडे हे फार उशिरा आले असेही म्हणता येत नाही. आले तेव्हा ते कोणाच्या हातात गेले, हा प्रश्न आहे.

आता एक गंमत बघा. गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे. जातीने हाताचे काम आपल्याकडे दिले. पण जिथे हाताच्या कामाला यंत्र जोडले गेले आणि पगार वाढला, तिथे आपला हात बाजूला झाला. मुंबईच्या कापड गिरण्या आठवा. आपली माणसे हजारोंनी गिरण्यांत होती, पण विणकाम खात्यात नव्हती. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका धोट्याला आज याचे तोंड, उद्या त्याचे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत सवर्ण कामगाराने तोंडात कसे घ्यायचे? म्हणून खातेच बंद. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला: कामगार एकजुटीच्या गप्पा मारता, मग विणकाम खाते आम्हाला खुले करा. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना तो प्रश्न आवडला नव्हता.

मला हा धोटा प्रयोगशाळेत नेहमी आठवायचा. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आम्ही पिपेट तोंडाने ओढायचो. सामाईक पिपेट. एक सहकारी ती प्रत्येक वेळी नळाखाली धरून घ्यायचा, पण फक्त माझ्यानंतर. स्वच्छता म्हणून असेल. मी कधी विचारले नाही.

बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव सगळ्यांना माहीत आहे, पण तो या बाजूने पुन्हा वाचा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. वर्गात एकच गलका. कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले. भीमराव फळ्यापाशी पोहोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन डबे काढून घेतले. बाकावर बसून तेच गणित सोडवले असते तर कुणाचे काही बिघडत नव्हते. गलका झाला तो त्यांनी उठून सामाईक वस्तूकडे हात नेला तेव्हा. पुढे 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजमध्ये प्राध्यापक झाल्यावरही प्राध्यापकांच्या सामाईक पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप होताच. डोके मान्य, हात अमान्य.

बंगालमध्ये मेघनाद साहांचे तेच. खालच्या मानलेल्या जातीतल्या छोट्या दुकानदाराचा मुलगा, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकायला आला, आणि ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये इतर मुलांनी त्याच्या पंक्तीला बसायला नकार दिला. त्याच साहांनी 1920 मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे समीकरण दिले. लक्षात घ्या, कागद-पेन्सिलीने देता येईल ते त्यांनी इथे दिले. ते प्रयोगाने ताडून बघायला त्यांना लंडन आणि बर्लिनच्या प्रयोगशाळा गाठाव्या लागल्या.

आणि हे फक्त जातीचेच नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, ब्राह्मण, सुशिक्षित घरातल्या, मुंबई विद्यापीठात अव्वल. 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारले. त्या अडून बसल्या तेव्हा अटींवर घेतले: वर्षभर कामाकडे पाहून मग ठरवू, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित व्हायला नको. नोबेल मिळालेल्या माणसाच्या प्रयोगशाळेचे दार हे असे. ज्या व्यवस्थेत ब्राह्मण बाईला हे सोसावे लागले तिथे दलित मुलीने कुठे उभे राहायचे, ते तुम्हीच बघा. आजही बॅचमध्ये बघा, रीडिंग लिहिणारी बहुतेक वेळा मुलगी असते. 'तुझं अक्षर चांगलं आहे' असे म्हणून तिला वही दिली जाते.

आता 1942 कडे येऊ, कारण मला वाटते आपल्या चळवळीने हे पान सगळ्यात कमी वाचले आहे. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. तीनच महिन्यांत, 29 ऑक्टोबरला, त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाचा भाग आहे. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचा पंडित असलेला हा माणूस सरकारला सांगतो की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आमच्या लोकांचे फारसे भागणार नाही. आम्हाला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. आणि ते आम्हाला परवडत नाही, म्हणून सरकारने पैसा द्यावा. किती? देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला 2 लाख, परदेशातल्या शिक्षणासाठी 1 लाख. एकूण 3 लाख. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला सरकार देत असलेल्या अनुदानाकडे त्यांनी बोट दाखवले होते: त्यांना देता, मग आम्हाला का नाही? शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, हेही त्याच निवेदनात आहे. प्रयोगशाळा आणि वर्कशॉप, दोन्ही एकाच दमात. डोके आणि हात यांची फारकत त्यांना मान्य नव्हती.

या मागणीतूनच 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज जी शिष्यवृत्ती आपण महाडीबीटीच्या पोर्टलवर भरतो, ती रखडली की तहसील कार्यालयावर जातो, तिचे मूळ विज्ञानाच्या शिक्षणासाठी मागितलेल्या त्या 3 लाखांत आहे. आपण शिष्यवृत्ती लक्षात ठेवली, ती कशासाठी मागितली होती ते विसरलो.

आणि बाबासाहेब नुसते मागून थांबले नाहीत. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि जून 1946 मध्ये मुंबईत लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. कला आणि विज्ञान. फक्त कला शाखा काढली असती तर बाके, फळा आणि ग्रंथालयात भागले असते. विज्ञान म्हणजे गॅसची जोडणी, बॅटऱ्या, काचसामान, अंधारखोली, मदतनीस, दरवर्षीची तूटफूट. पैसा नसलेल्या संस्थेने हा खर्च पहिल्याच दिवशी अंगावर घेतला. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले. चार वर्षांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले त्याला पुढे नाव दिले मिलिंद, भिक्खूला प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे.

हा सगळा वारसा घेऊन आपण आज शहाड स्टेशनवर उभे आहोत. कसारा लाइनच्या गाडीतून रोज टिटवाळा, आंबिवली, आसनगावची मुले कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कॉलेजांत येतात. धारवाडसारखे आज कुणी दार लावत नाही. मग आमचा मुलगा रीडिंग लिहिणारा कसा झाला?

पहिले कारण तूटफूट. प्रवेशाच्या वेळी प्रयोगशाळेचे डिपॉझिट घेतात आणि पहिल्याच दिवशी सांगतात, तुटले तर भरून द्यावे लागेल. ज्याच्या घरी मोबाइलची फुटलेली काच वर्षभर तशीच वापरतात, तो ग्रेटिंगला हात लावील का? ग्रेटिंगवर बोट लागले तर ते खराब होते हेही खरेच आहे. पण ही भीती सगळ्यांना सारखी नसते. ज्याच्या वडिलांना नुकसान भरून देणे जड नाही तो बिनधास्त स्क्रू फिरवतो, चुकतो, पुन्हा फिरवतो. प्रयोग शिकणे म्हणजे दुसरे काय? चुकण्याची ऐपत लागते.

दुसरे कारण बॅच. तीन-चार जणांत एक उपकरण. पहिल्या दिवशी ज्याने लावले तो तीन वर्षे लावतो. ज्याने वही धरली तो तीन वर्षे वही धरतो. कुणी कुणाला जात विचारत नाही, मान्य. पण अकरावी-बारावी चांगल्या कॉलेजात झालेला, क्लास लावलेला मुलगा पुढे होतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मागे सरकतो. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त म्हटले की जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. ती विभागणी चार मुलांच्या बॅचमध्ये, लाकडी टेबलाभोवती, कुणी न सांगता उभी राहते. वर ज्या कॉलेजांत प्रवेशाच्या क्रमाने रोल नंबर देतात तिथे उशिराच्या यादीतली मुले एकाच शेवटच्या बॅचमध्ये येतात, आणि शेवटच्या बॅचच्या वाट्याला येते काटा अडकलेले गॅल्व्हानोमीटर.

तिसरे कारण वेळ. प्रॅक्टिकल दुपारचे. आमची अर्धी मुले दुपारनंतर कुठेतरी कामाला असतात, कुणी डिलिव्हरी, कुणी दुकानात. सोडियमचा दिवा पेटून पूर्ण पिवळा व्हायलाच काही मिनिटे जातात, मग प्रिझम टेबलाचे तीन स्क्रू समपातळीला आणायचे, मग रेघ शोधायची. साडेचारची गाडी पकडायची असेल तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवणे सोपे. 'सेट रीडिंग' हा शब्द प्रत्येक बीएस्सीवाल्याला माहीत आहे. उत्तर बरोबर येते आणि प्रयोग झालेला नसतो. कोरोनाच्या काळात तर मोबाइलच्या पडद्यावर प्रॅक्टिकल झाले. काही लोक आता म्हणतात की आभासी प्रयोगशाळाच पुरे, खर्च वाचतो. खर्च कोणाचा वाचतो? महागड्या संस्थांतली मुले खऱ्या उपकरणावर शिकतील आणि आमची मुले माऊसने काटा हलवतील. त्याला आपला विरोध असलाच पाहिजे.

चौथे, तोंडी परीक्षा. थिअरीच्या पेपरवर बैठक क्रमांक असतो, तपासणाऱ्याला नाव कळत नाही. प्रॅक्टिकलला परीक्षक समोर बसतो. जर्नलवर आडनाव, अंगावर कपडे, तोंडात भाषा. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने 2007 च्या अहवालात दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची ही तक्रार नोंदवली आहे की प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत त्यांना न्याय मिळत नाही. आणि मुंबईतले डॉ. पायल तडवीचे प्रकरण, 2019 चे. तिला शस्त्रक्रियेचे, प्रसूतीचे काम करू देत नसत, हा तिच्या घरच्यांच्या तक्रारीतला भाग होता. खटला न्यायालयात आहे, निकाल न्यायालय देईल. पण तक्रार काय होती ते पाहा. हात लावू देत नाहीत.

यावर सवर्ण मित्र म्हणतात, अहो, गरीब सवर्ण मुलगाही घाबरतो, सगळीकडे जात कशाला आणता? घाबरतो, बरोबर. त्यालाही उपकरण मिळाले पाहिजे, आमची मागणी त्याच्याही कामाची आहे. पण तो मागे राहिला तर त्याला 'मेहनत कमी पडली' म्हणतात. आमचा मागे राहिला तर 'कोट्यातला आहे' म्हणतात, आणि ते वाक्य त्याच्या पुढच्या सगळ्या पोरांना चिकटते.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. आपल्या विहारांत जयंतीला वक्तृत्व स्पर्धा असते, निबंध असतो, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन असते. एफ.वाय.च्या पोराला आपण विचारतो, एमपीएससी कधी देणार? प्रयोगशाळेत काय केलेस हे मी आजवर एकाही कार्यकर्त्याला विचारताना ऐकले नाही. मीही विचारले नव्हते. फौजदार, तहसीलदार, वकील झालेच पाहिजेत. पण 1942 च्या निवेदनातला माणूस आपल्याला पुन्हा पुन्हा दुसरीकडे ढकलतो आहे आणि आपण ऐकत नाही. आपल्या विद्यार्थी संघटनांनी कॉलेजात जाऊन विचारायला हवे: बॅचमध्ये किती मुलांमागे एक उपकरण? प्रयोगशाळा परिचराच्या किती जागा रिकाम्या? सुट्टीच्या दिवशी सरावाला प्रयोगशाळा उघडी ठेवता का? तुटफुटीचे पैसे शिष्यवृत्तीधारकाकडून घेता का? बॅचमधली कामे दर आठवड्याला बदलायची सूचना लावली आहे का? ही शेवटची गोष्ट तर फुकट आहे. एका नोटिशीचे काम.

मला स्वतःला हात लावायला एका माणसाने शिकवले. तो प्राध्यापक नव्हता, प्रयोगशाळेतला परिचर होता. शेवटच्या वर्षी दुपारी सगळे गेल्यावर त्याने मला थांबवून घेतले, दिवा लावून दिला आणि म्हणाला, "आता तू लाव. मोडलं तर मी बघतो." ग्रेटिंगच्या दुसऱ्या क्रमाला टेलिस्कोप वळवला, केसभर सरकवला, आणि सोडियमची ती एकच वाटणारी पिवळी रेघ दोन झाली. 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉम. दोन वर्षे हे आकडे मी जर्नलमध्ये लिहीत होतो. त्या दिवशी पाहिले.

वस्तीतल्या त्या पोराला मी हेच सांगितले. म्हटले, उद्या बॅचमध्ये वही दुसऱ्याच्या हातात दे. तो म्हणाला, "ते देतील का काका?" मी म्हटले, मागून बघ, नाही दिलं तर सरांकडे जा, नाही ऐकलं तर मी येतो.

मला जावे लागले नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. जर्नल नव्हते, कच्ची वही होती. डावे व्हर्नियर, उजवे व्हर्नियर, दोन रकाने. तीन रीडिंग खोडलेली, एका ठिकाणी एकशे ऐंशीचा फरक जुळेना म्हणून शेजारी प्रश्नचिन्ह, खाली पुन्हा घेतलेले रीडिंग. पानभर खाडाखोड. म्हणाला, "काका, उत्तर पुस्तकातल्यापेक्षा थोडं वेगळं आलंय, चालेल ना?"

मी म्हटले, बस, कुठे चुकलंय ते आपण बघू.